मी गाळलेलं पान

धर्मा, जानकीवहिनींनी मला वाचायला बोलावलं आहे आणि मी भ्यालो आहे.

तू गेल्यावर दोन दिवसांनी मी माझगावला आलो होतो. घरात बायकांची दाटी. वहिनी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. माझ्या तोंडून सांत्वनाचं काही निघायच्या आत त्याच म्हणाल्या, "भावजी, रोज संध्याकाळी पोथी लावलीय. बुवा येतो, वाचतो, जातो. कोणाला कायपण कळत नाय. शेवटच्या दिवशी तुम्ही या. ते साहेबाचं पुस्तक घेऊन या. आपल्या कोळ्यांवरचं पान वाचा. त्याच्याएवढं यांना दुसरं काय आवडायचं नाय."

मी मान हलवली. नाही कसं म्हणणार? गिरगावात घरी आलो तर हिने विचारलं, "एवढा घाम कसला?" म्हटलं, उकडतंय.

उकडत नव्हतं. ते पान मी आजवर कुणालाच वाचून दाखवलेलं नाही. तुलासुद्धा नाही.

आमच्या वाचनमंडळाच्या अंकासाठी 'धर्मावर चार शब्द लिहा' असं लालबागहून सांगणं आलं, तेव्हा वाटलं, नेहमीचं लिहून द्यावं. गोदीतली नोकरी, सत्याग्रह, तुरुंग, खणखणीत आवाज. पण हा अंक तीच माणसं वाचणार, जी त्या रविवारी चटईवर बसली होती. त्यांनाही मी फसवलंय. म्हणून त्यांच्या देखत तुझ्याशी बोलतो.

आमच्यात नव्या आलेल्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. रविवारी दुपारी लालबागच्या चाळीत, वाचनालयाच्या खोलीत आमचं वाचन चालायचं. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक डुगडुगतं टेबल. इंग्रजी पुस्तक मी मांडीवर उघडून बसायचो आणि मोठ्यानं मराठीतच वाचायचो. डोळे इंग्रजीवर, तोंड मराठीत. आधी लिहून काढलेलं काही नसायचं. मॅट्रिक झालेला मी एकटाच आणि कचेरीत साहेबाचे खलिते वाचून सवय झालेली. गिरणीतली मंडळी ऐकायची, मध्येच थांबवायची. "अप्पा, हे परत सांगा. पोर्तुगीजानं बेट दिलं कोणाला? पोरीच्या लग्नात? आणि आपल्याला कुणी विचारलं नाय?" मग हशा. तू दाराशी बसायचास, गुडघे छातीशी घेऊन. एकदा म्हणालास, "अप्पा वाचतो तेव्हा साहेब गिरगावातला वाटतो." सगळे हसले. मीही हसलो. पण पुस्तकावरची नजर वर केली नाही. का, ते पुढे सांगतो.

ते दिवसच तसे होते. मुंबई कुणाची, हा प्रश्न नाक्यानाक्यावर. कुणी म्हणायचं, इथे खाजण होतं, साहेबानं शहर केलं, शेटजींनी वाढवलं, मराठी माणूस हमाली करायला आला. आपल्याला हे ऐकवत नव्हतं आणि उत्तरही नीट सुचत नव्हतं. साहेब यायच्या आधी इथे कोण होतं? कुणाची दैवतं, कुणाची जाळी, कुणाची वस्ती? तेवढ्यासाठी जुन्या मुंबईवरचं जे मिळेल ते आपण वाचत सुटलो. तूच आग्रह धरलास, "तुझ्या घरात आजोबांच्या वेळची पुस्तकं हायत ना? काढ की." आणि मी ते पुस्तक काढलं. एका गोऱ्या अधिकाऱ्यानं बेटावरच्या जातीजमातींवर लिहिलेलं. कापडी पुठ्ठा, मागे सोनेरी अक्षरं.

एरवी मी शनिवारी दोनचार पानं पुढे वाचून ठेवत असे. त्या आठवड्यात कचेरीत सक्त ताकीद आली होती, नोकरमाणसांनी चळवळीच्या जवळपास फिरकू नये. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पान न वाचता आलो. तुला मात्र मी आधीच सांगून बसलो होतो की या रविवारी कोळ्यांवरचं येणार. तू वडिलांना घेऊन आलास, धुतलेला सदरा घालून. बरोबर कोळीवाड्यातली आणखी माणसं. गिरणीवाल्यांनी सरकून त्यांना पुढे जागा दिली. तुझे वडील मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां मास्तर, बघू साहेब काय बोलतो आमच्याबद्दल."

डोळे तोंडाच्या ओळभर पुढे असतात, धर्मा. पुढची ओळ मला दिसली आणि माझी जीभ थांबली. खोलीत कुणी खोकलं. मी घाम पुसला आणि तोंड उघडलं, तर कुठून तरी हे बाहेर पडलं: "हे लोक या बेटाचे मूळ धनी. आम्ही आलो तेव्हा समुद्र यांच्या परवानगीनं चालत होता."

तुझे वडील मोठ्यानं म्हणाले, "वा रे साहेबा!" टाळ्या पडल्या. तू उभा राहिलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू ते पुसलंही नाहीस. मी पान उलटलं.

आता कारण सांगतो. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल म्हणून गाळलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं की त्या पानावरचा सूर मला ओळखीचा होता. इंग्रजीत होता, पण आमच्या घरातला होता. आमच्याकडे जेवताना, वाड्यातली कोळीण दारावरून गेली की, आजोबा जे बोलायचे तेच साहेबानं छापलं होतं. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यानं आपल्या हाताखालच्या एका नेटिव गृहस्थाचे आभार मानलेत. माहिती पुरवल्याबद्दल. ते माझे आजोबा. नाव, आडनाव, सगळं आहे. मी ते पान खरंखुरं वाचलं असतं, तर कुणीतरी विचारलंच असतं की साहेबाला हे शिकवलं कुणी. आणि तू दाराशी बसून माझ्याकडे बघत होतास.

पुढे त्या वाक्याला पाय फुटले. लालबागच्या नाक्यावर, परळला, दादरला, जिथे तिथे तू उभा राहायचास आणि म्हणायचास, "आमचा शत्रू लिहून गेलाय! समुद्र आमच्या परवानगीनं चालायचा!" लोक वेडे व्हायचे. मी मागे पानपट्टीपाशी उभा असे. मला एकाच वेळी दोन भीती वाटत. एक साध्या कपड्यातल्या पोलिसाची, तो वहीत काय टिपतोय, मला ओळखतोय का. दुसरी भीती एखाद्या शिकलेल्या माणसाची. तो हात वर करून विचारेल, "पुस्तक कुठलं? पान?" पोलिसाची भीती वाटायची ती सभा सुटेपर्यंत. त्या दुसऱ्याची मला घरीसुद्धा वाटायची. जेवताना, कचेरीत फाइल बांधताना.

फाउंटनला गोळ्या चालल्या आणि भीतीचा रंगच बदलला. संचारबंदी. रस्त्यावर चपला पडलेल्या. जिन्यावर पावलं वाजली की आमच्या चाळीतले दिवे मालवायचे. त्यातच तुला गाडीत घालून नेलं. मी ते पुस्तक माळ्यावर तांब्यापितळेच्या भांड्यांमागे टाकलं आणि तुला भेटायला तुरुंगावर आलो नाही. नोकरी जाईल, हे निमित्त होतं. तू त्या वाक्यासाठी आत गेला नव्हतास, हे मला कळत होतं. तरी वाटायचं, फौजदारानं विचारलं असेल, हे तुला कुणी वाचून दाखवलं?

तू सुटून आलास, बारीक होऊन, खोकत. आणि थोड्या दिवसांनी गिरगावात आमच्या दारात उभा. मला तो चहा आठवतो. तू बशीत ओतलास आणि प्यायलाच नाहीस.

"अप्पा, ते वाक्य कुठल्या पानावर हाय?"

"का रे?"

"आत एक प्रोफेसर होता आमच्या बराकीत. बोलला, पान सांगा, मी लेखात घालतो. बाहेर आल्यावर म्हटलं आपणच बघू. फोर्टातल्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसलो. शनिवार शनिवार. डिक्शनरी घेऊन."

"मग?"

"मिळालं नाय."

मी म्हटलं, "आवृत्ती वेगळी असेल." कारकुनाचं डोकं. फाइल सापडली नाही की दुसऱ्या खात्यात असेल म्हणायचं.

"असेल," तू म्हणालास. "तुझं दाखव ना."

"माळ्यावर आहे. वाळवी लागली."

"असेल."

मग तू भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसलास. पगडी, उपरणं, हातात काठी. "हे तुझे आजोबा ना? नाव काय त्यांचं?" मी नाव सांगितलं. तू ते हळूच एकदा म्हणून बघितलंस, जसं आपण इंग्रजी शब्द म्हणून बघतो. मग "बरं" म्हणालास आणि उठलास. जिन्यात खोकल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला. हिने आतून विचारलं, "चहा का टाकला त्यांनी?"

शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला तुला पाच मिनिटं मिळाली होती. मोठ्या पुढाऱ्यांच्या आधी, मैदान भरायच्या वेळेला. मी लांब उभा होतो. तू सुरुवात केलीस, "एका गोऱ्या साहेबानं..." आणि थांबलास. कर्णा नुसता खरखरत राहिला. आता म्हणेल: खोटं होतं. आता माझं नाव घेईल. तू म्हणालास, "जाऊ दे साहेबाला. हे बेट आमचं हाय, हे सांगायला साहेब कशाला पायजे? मी सांगतो. बास झालं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी, धर्मा, सुटलो म्हणून देवाचे आभार मानले. तू माझ्यापासून तुटलास, आणि मला वाटलं मी वाचलो.

त्यानंतर तू लालबागला येत राहिलास, बसत राहिलास, पण इंग्रजी पुस्तक निघालं की उठून बाहेर गॅलरीत जायचास. परळच्या पुलावरून चालत जाताना आपण दोघं वाद घालायचो, आठवतं? मी म्हणायचो, "भावना पुरेशी नाही, धर्मा. पुरावा लागतो. कागद लागतो." तू म्हणायचास, "पुरावा कोणाला दाखवायचा? ज्यानं बेट घेतलं त्यालाच?" "इतिहास असाच लिहितात." "मग आमचा लिहिणारा कोण? तू?" मी चिडायचो. खरं सांगतो, मला खरंच राग यायचा. ज्या माणसानं पुरावा बनवला तोच पुराव्याची बाजू घेऊन तावातावानं भांडत होता. तू फक्त हसायचास आणि बोलायचास, "चल, तुझी गाडी चुकेल." तो वाद संपला नाही. तू मला कधीच थेट विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. त्या मोकळ्या जागेवरून आपण चार वर्षं जपून चालत राहिलो, तिला दोस्ती म्हणत.

आणि दोस्ती होतीच. माझी आई गेली तेव्हा आमच्या चाळीतले लोक पंचा खांद्यावर टाकून घड्याळ बघत होते आणि तू गोदीतून आलास, तसाच, मळकट खाकीत, आणि खांदा दिलास. माझ्या आजोबांच्या सुनेला. तुला तेव्हा ते माहीत होतं. मला आता कळतंय की तुला माहीत होतं.

मुंबई आता मिळणार म्हणतात. दिल्लीहून तशी बातमी आहे. तू असतास तर दारोदार पेढे वाटले असतेस.

इथवर लिहिलं आणि माळ्यावर चढलो. पुस्तकाला वाळवी लागली नव्हती. कागद पिवळा झाला होता, एवढंच. उद्या वहिनींकडे जायचं. दोन रस्ते आहेत. एक जुनं वाक्य परत म्हणायचं, रडायचं, यायचं. सोपं आहे. तुझ्या म्हाताऱ्याला बरं वाटेल. दुसरा, पानावर आहे तेच वाचायचं.

जाऊन आलो. जसं झालं तसं सांगतो.

पोथी संपली होती. बुवा गेला होता. खोलीत आणि ओट्यावर माणसं. तुझे वडील तुझ्या खाटेच्या पायाशी. मी पुस्तक उघडलं आणि वाचलं. या वेळेस आदल्या रात्रीच तयारी केली होती. एकही शब्द गाळला नाही, एकही घातला नाही. साहेब म्हणतो, हे लोक अंगानं दणकट आणि बुद्धीनं जड. मिळवतात ते पिऊन टाकतात. यांना आपला असा इतिहास नाही. यांची बोली म्हणजे मराठीची मोडतोड, आणि यांच्या बायकांचा आवाज असा की सभ्य एतद्देशीय माणूस तो आपल्या गल्लीत शिरू देत नाही. हे सर्व एका जबाबदार नेटिव गृहस्थानं स्वतः सांगितलं, असंही तो लिहितो.

वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं. मला दार कुठे आहे तेवढंच दिसत होतं.

तुझे वडील म्हणाले, "आणि ते? समुद्राचं? परवानगीचं?"

"ते यात नाही, बाबा. ते मी घातलं होतं."

म्हातारा माझ्याकडे वळला. "तू घातलंस?"

"हो."

"आणि हा जबाबदार कोण?"

"माझे आजोबा."

ओट्यावरून तुझा पुतण्या उठला. "उठा तुम्ही. आत्ताच्या आत्ता. आमच्या मयताच्या घरात बसून आम्हाला..." त्याची मूठ वळली होती. मी उठलोही. खरं तर मला तेच हवं होतं. एक थोबाडीत बसली असती तर मोकळा झालो असतो.

"बस तू," वहिनी त्याला म्हणाल्या. मग मला, "तुम्हीपण बसा." आणि विचारलं, "यांनी हे वाचलेलं?"

"हो वहिनी. ते वाक्य शोधायला फोर्टात गेला होता. वाक्य नव्हतंच. त्यामुळे बाकीचं सगळं त्यानं शब्द शब्द लावून वाचलं असणार. एकट्यानं."

हे मी तोवर कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मनातही पूर्ण नाही. मला कायम हीच धास्ती होती की तुला माझं खोटं सापडेल. खोटं सापडायच्या आधी तुला खरं सापडणार होतं, तेही त्या थंड खोलीत, डिक्शनरीवर बोट ठेवून, हा माझ्या भीतीत कधी हिशोबच नव्हता.

वहिनींनी पदर नीट केला. "जेलातून आल्यावर काय एक झालं यांना. मना म्हणाले, मासळीबाजारात एवढं ओरडू नको. मी म्हटलं, मग म्हावरं कोण घेल? नाय, म्हणे, हळू बोल. पोरींना म्हणाले, शाळेत बोलतात तसंच घरात बोला, हे आपलं बोलणं बंद. सासू जिवंत होती तवा. ती नातींशी बोलली की हे उठून जायचे. मी भांडले. मना वाटलं, पुढारी झाले, मोठ्या लोकांत बसायला लागले, आता आमची लाज वाटते." त्या थांबल्या. "तिथं सभेत सांगायचे, आमचं बेट, आमचं बेट. आणि घरात आम्हाला तोंड उघडू देत नव्हते."

मी म्हटलं, "वहिनी, माझी चूक..."

"ऐका. लालबागला तुम्ही हे सगळ्यांसमोर वाचलं असतं ना, तर माझ्या सासऱ्यानं साहेबाच्या आईबापाचा उद्धार केला असता. गिरणीवाले हसले असते. तुमच्या आजोबालापण दोन घातल्या असत्या. मग सगळे मिळून घरी आले असते. तुम्ही त्यांना एकट्याला वाचायला लावलंत, भावजी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला धरायला काही मिळालं असतं. तुझे वडील खाटेच्या पायावर हात फिरवत होते. पुतण्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी निघालो. बाहेर अंधारून आलं होतं. वहिनी दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हाक मारली. पोटातून, मोकळ्या गळ्यानं, बहुतेक कित्येक वर्षांनी. दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकली. "गो शेवंते! कंदील आन गो! भावजी निघालं, बोळात काळोख हाय!"

तुझी मोठी मुलगी आतून कंदील घेऊन आली. माझ्यापुढे चालायला लागली. बोळाच्या वळणावर थांबली, उजेड खाली धरला आणि म्हणाली, "जपून या हं काका. इथे एक पायरी आहे."

हळू, धर्मा. अगदी शुद्ध. माझ्या आजोबांनी तिला शाबासकी दिली असती.